थकवा रक्तांतून येतो काय?

गिरगांवांतील एका जुन्या चाळींत आमचें जाणें-येणें असलेलें एक एकत्र कुटुंब आहे. त्या घरांतील मधल्या सूनबाई गेलीं चार वर्षें आजारी आहेत. परंतु त्यांना आजारी म्हणावयास घरांतील कोणी फारसें तयार नाहीं. ताप नाहीं, खोकला नाहीं, दिसावयास प्रकृति ठीक. मात्र सणाच्या दिवशीं चार पानें अधिक वाढलीं, कीं पुढचे दोन-तीन दिवस त्यांना अंथरुणावरून उठवत नाहीं. रात्रभर झोंपूनहि सकाळीं अंग मोडून आलेलें असतें; बोलतां बोलतां साधा शब्द आठवत नाहीं. 'कामाचा कंटाळा' हें निदान शेजारणींनीं केव्हांच करून टाकलें आहे.

मध्यंतरीं त्यांना आठवलें, कीं आपली एक मावशी अशीच ऐन तिशींत 'बसली', ती पुन्हां नीट उभी राहिली नाहीं. तेव्हांपासून माहेरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून त्यांनीं तीन पिढ्यांच्या दुखण्यांची एक वही केली आहे. ती आमच्यापुढें ठेवून त्यांनीं विचारलें, "हें आमच्या रक्तांतच आहे काय?" आणि लगेच हलक्या आवाजांत म्हणाल्या, "असेल तर मी आळशी नाहीं हें तरी ठरेल. पण मग माझ्या मुलीच्या लग्नाचें काय?"

हे दोन्ही प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरचे असतील, म्हणून त्यांचा विचार येथें करीत आहों.

हा विकार कल्पित नाहीं. त्यास क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २०१५ सालीं त्याचीं लक्षणें सांगितलीं तीं अशीं: सहा महिन्यांहून अधिक टिकणारा व पूर्वींचीं कामें अवघड करणारा थकवा, झोंपेनें न भागणारा शीण, श्रमानंतर वाढणारें दुखणें, आणि जोडीस बुद्धीची मंदता किंवा उभें राहिल्यावर येणारी अस्वस्थता. यांपैकीं श्रमानंतर वाढणारें दुखणें ही मुख्य खूण होय. आळशी माणूस काम टाळून ताजा राहतो. हा रोगी काम करून आडवा होतो. या विकाराचें निदान करणारी रक्ताची चांचणी मात्र अद्याप नाहीं.

आतां 'रक्तांतून येणें' म्हणजे काय, याचें उत्तम उदाहरण गिरगांवाहून फार दूर नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनीं ओळखलेला एक नवा रक्तगट १९५२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत जाहीर झाला. जग त्यास बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखतें. आईबापांचें रक्त सर्वसाधारण असतें. तरी दोघांकडून एकेक विशिष्ट जनुक आलें, कीं मूल या गटाचें निपजतें. आनुवंशिक गोष्टींचा दोष नेहमीं आईच्या माहेरावर टाकणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

थकव्याचा हिशेब इतका सरळ नाहीं. अमेरिकेच्या यूटा राज्यांतील वंशावळ्यांवरून २०११ सालीं असें दिसलें, कीं रोग्यांच्या आईबाप-भावंडांत व मुलांत हा विकार अपेक्षेच्या अडीच पटींहून अधिक आहे. चुलत-मावस भावंडांइतक्या दूरच्या नात्यांतहि तो जास्तच आढळतो. एका चुलीवर जेवणारांचें दुखणें सारखें असलें, तर अन्नपाण्यास दोष देतां येईल. निरनिराळ्या घरीं नांदणाऱ्या मावसबहिणींस तेंच झालें, तर संशय रक्ताकडे जातो.

पुढें ब्रिटनमध्यें 'डीकोड-एमई' या उपक्रमानें टपालानें लाळेचे नमुने मागवून १५,५७९ रोग्यांची २,५९,९०९ इतर लोकांशीं तुलना केली. ऑगस्ट २०२५ मध्यें जाहीर झालेल्या प्राथमिक निष्कर्षांत जनुकसंचांतील आठ ठिकाणीं फरक दिसला. त्यांतील कांहींचा संबंध रोगप्रतिकाराशीं व मज्जासंस्थेशीं असावा. पण प्रत्येक फरकाचा परिणाम अल्प आहे, निरोगी माणसांतहि तो असतो, आणि तपासलेले रोगी युरोपीय वंशाचे होते. त्यावरून कोणाच्याहि मुलीचें भविष्य वर्तवितां येत नाहीं.

रक्ताकडे पाहतांना घराकडे पाठ फिरवूनहि चालणार नाहीं. गोव्यांत डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं केलेली २,४९४ स्त्रियांची पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १२ टक्के स्त्रियांनीं दीर्घकाळच्या थकव्याची तक्रार केली. असा प्रत्येक थकवा म्हणजे वरील विकार नव्हे. परंतु त्याचा संबंध रक्तक्षयाशीं न दिसतां कर्ज, उपासमार, मनाचें अस्वास्थ्य, नवऱ्याचा जाच व घरांत शब्दाला किंमत नसणें यांच्याशीं दिसला.

मग त्या वहीचें काय करावें? ती डॉक्टरांस दाखवावी, असें आम्हीं सुचविलें. थायरॉईडचे विकार व थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार घराण्यांत चालत येतात, आणि साध्या चांचण्यांनीं ओळखतां येतात. ते आधीं पारखून घ्यावे. तसेंच 'हिंडल्या-फिरल्यानें बरें वाटेल' म्हणून रोग्यास बळें व्यायाम लावूं नये. ठराविक मापानें व्यायाम वाढवीत नेण्याची शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनें २०२१ सालीं मागें घेतली. शक्ति सरण्यापूर्वींच थांबणें, हेंच पथ्य. तें पाळावयाचें तर घरांतील कामांची वांटणी बदलावी लागते, आणि तें एकट्या रोग्याच्या हातीं नसतें.

हें सारें आम्हीं सांगत होतों तेव्हां सासूबाई माजघरांतून ऐकत होत्या. थोड्या वेळानें त्या बाहेर आल्या व सुनेला म्हणाल्या, "त्या वहींत आमच्या धाकट्या आत्याबाईंचेंहि नांव घाल. त्याहि अशाच पडून असायच्या. आम्ही सगळ्याजणी हंसत होतों." मुलीच्या लग्नाविषयींच्या प्रश्नास याहून चांगलें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. अशी वही प्रत्येक घराण्याची आहे; कोणी ती लिहून ठेवतें, कोणी ठेवीत नाहीं, एवढाच फरक.