ऑर्केस्ट्रा कागद बघून वाजवतो, तबलजी नाही. मग झाकीर हुसेन यांचं ‘पेशकार’ जमलं कसं?

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला आधी गणपतीतला, हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आठवतो. पण मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचा ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे, 2006 साली सुरू झालेला. व्हायोलिन, चेलो, बासरी, तुताऱ्या, असा मोठा ताफा. सप्टेंबर 2015 मध्ये या ताफ्यासमोर उस्ताद झाकीर हुसेन तबला घेऊन बसले. रचनाही त्यांचीच होती, नाव ‘पेशकार’.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? फ्यूजन तर रोज रीलवर दिसतं.

तर घोळ इथे आहे. सिम्फनीत प्रत्येकासमोर कागद असतो. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात, सगळं लिहिलेलं. तबल्याचं शिक्षण गुरूसमोर बसून, बोल तोंडपाठ करून होतं आणि मैफलीत वादक ऐनवेळी विस्तार करत जातो. पेशकार हा तबल्याच्या स्वतंत्र वादनातला सुरुवातीचा, संथ भाग. म्हणजे मोकळेपणाचीच जागा! जॅझवाल्यांसोबत हे त्यातल्या त्यात सोपं, कारण तेही ऐनवेळीच रचतात. 1978 च्या ‘जॅझ यात्रे’पासून मुंबईला त्याची ओळख आहे. कागदावर चालणारा ताफा मात्र थांबून वाट बघू शकत नाही.

मग दोघांना जोडतं काय? हिशोब.

तीनतालाच्या 16 मात्रा म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने चार-चार ठोक्यांचे चार गट. समेवर दोघांची गाठ पडते. त्यात तिहाई कामी येते: एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका समेवर आणायचा. समजा तुकडा 5 मात्रांचा आणि मध्ये 1-1 मात्रा रिकामी. 5+1+5+1+5, झाल्या 17. समेपासून सुरू केली की सतरावी मात्रा बरोबर पुढच्या समेवर पडते. (बोटांवर मोजून बघा, खरंच जमतं.) तिहाई ओळखणाऱ्या कंडक्टरला दुसऱ्या फेरीतच कळतं की ताफ्याला हात कधी द्यायचा. पाश्चात्त्य कॉन्चेर्टोतही एकट्या वादकाला मोकळं सोडून ताफा गप्प बसतो, अशी जागा असतेच. ती तबल्याला आयती मिळते.

सुराची अडचण जास्त चिवट. तबला एका सुरात लावलेला असतो आणि ऑर्केस्ट्रा मध्येच पट्टी बदलतो. एक तर रचना मूळ सुराजवळ ठेवायची, नाहीतर वेगवेगळ्या सुरांत लावलेले तबले शेजारी ठेवायचे. हे न करता कीबोर्डवर तबला चिकटवला की जे होतं, त्यालाच आपण बरेचदा फ्यूजन म्हणतो.

झाकीरभाईंची ही पहिली उडी नव्हती. बँजोवाले बेला फ्लेक आणि डबल बासवाले एडगर मायर यांच्यासोबत त्यांनी 2006 मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या ऑर्केस्ट्रासाठी रचना केली होती. याच दोघांसोबत, बासरीवर राकेश चौरसियांना घेऊन केलेल्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ला फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं.

15 डिसेंबर 2024 ला झाकीरभाई गेले. ‘पेशकार’मधला ऑर्केस्ट्राचा भाग कागदावर आहे, तो कुठलाही ताफा वाजवू शकतो. तबल्याच्या जागी जो बसेल, त्याला आपल्या घराण्याचा पेशकार घेऊन बसावं लागेल.