जुन्या चौलमध्ये काय ऐकू येत असे?

इ.स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी जगाचा भूगोल लिहीत होता. कोकण किनारा त्याने कधी पाहिला नव्हता. तरी एका बंदराबद्दल त्याने आवर्जून नोंद केली: आपण त्याला ‘सिमुल्ला’ म्हणतो, तिथले लोक मात्र ‘तिमुला’ म्हणतात. हे त्याला त्या बंदरात जाऊन राहून आलेल्या लोकांकडून कळलं होतं. ते बंदर म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका खाडीजवळ असलेलं आपलं चौल.

जमिनीत खापरं सापडतात, नाणी सापडतात. आवाज सापडत नाही. मग दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर ऐकायचं कसं? एक वाट गावाच्या नावातूनच जाते. परक्या माणसाने नाव कसं लिहिलं, यावरून त्याच्या कानावर काय पडलं ते ओळखता येतं.

कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे प्राकृत शिलालेख आहेत. त्यांत ‘चेमुल’ इथल्या दात्यांचीही नावं येतात. म्हणजे गावचे लोक ‘च’ म्हणत होते. ग्रीक लिपीत ‘च’ नाही, म्हणून कोणी ‘स’ लिहिला, कोणी ‘त’. हे दोन्ही अंदाज एकत्र वाचले की मधला ‘च’ ऐकू येतो! अरबीतही ‘च’ नाही. चीनलासुद्धा अरबीत ‘सीन’ म्हणतात. म्हणून दहाव्या शतकात अल-मसूदीने याच गावाचं नाव ‘सैमूर’ लिहिलं. पंधराव्या शतकात रशियाच्या त्वेर शहरातून अफनासी निकितीन इथे उतरला. रशियनमध्ये ‘च’ आहे, त्यामुळे त्याच्या वहीत तो अचूक आला: ‘चिविल’. तोवर गावकऱ्यांच्या तोंडून मधला ‘म’ मात्र झिजून गेला होता. चेमुलचं चेऊल झालं होतं आणि पोर्तुगीजांनी पुढे ‘चौल’ लिहिलं.

आता बाजारात शिरू. मसूदी इथे आला तेव्हा कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. त्याच्या नोंदीप्रमाणे गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत. काही सिराफचे, काही ओमानचे, काही बसरा-बगदादचे आणि कितीतरी इथेच जन्मलेले. आकडा थोडा सैल धरला तरी चित्र बदलत नाही. एकाच पेठेत अरबी, फारसी आणि इथली बोली एकमेकींत मिसळून घासाघीस चालली असणार. अजानही ऐकू येत असणार.

पण हा गलबला बारमाही नव्हता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने लिहून ठेवलंय की खरा बाजार डिसेंबर ते मार्च असे आणि एरवी वस्ती तुरळक. घाटावरून माल बैलांच्या पाठीवर यायचा. वीस-तीस बैलांमागे एकच हाक्या असायचा. त्या तांड्यातली घुंगरं आणि हाक्याचं ओरडणं आपण मनानेच भरून घ्यायचं. मग पावसाळा. समुद्र खवळला की गलबतं बंद, आणि उरतो तो माडांच्या झावळ्यांवर कोसळणारा पाऊस. कोकणात जून-जुलै काढलेल्याला हा आवाज वेगळा सांगायला नको.

घराघरांतला आवाज मागाचा होता. चौलचं रेशमी कापड सोळाव्या-सतराव्या शतकात दूरवर नावाजलेलं होतं, आणि हातमाग गुपचूप चालत नाही. आसपासच्या गावांत बैल जुंपलेला लाकडी घाणा करकरायचा. मात्र काही घाणे शनिवारी गप्प असत. ते बेने इस्रायली म्हणजे मराठी ज्यूंचे. शब्बाथला ते काम करत नसत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असं नावच दिलं. चेऊलकर, रेवदंडेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं याच किनाऱ्याची. एखाद्या समाजाला त्याच्या शांततेवरून नाव पडावं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मजेशीर वाटतं.

पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधला आणि चर्चच्या घंटा आल्या. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने वेढा घातला तेव्हा महिनोन्महिने तोफा धडाडल्या. पुढे १७४० मध्ये चौल आणि समोरचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, आणि कोटातल्या चर्चच्या आज नुसत्या भिंती उभ्या आहेत.

तरी जुन्या चौलचा एक आवाज अजून प्रत्यक्ष ऐकता येतो. रेवदंड्याहून पूल ओलांडून कोर्लई गावात जा. किल्ल्याच्या पायथ्याला राहणारी ख्रिस्ती कुटुंबं घरात जी बोली बोलतात, तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. तिचे शब्द पोर्तुगीज, पण घडण बरीचशी मराठी. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मधे येतं. इथे ते आपल्यासारखं शेवटी जातं. सत्ता गेल्यावर हे लोक मागे राहिले. धर्मामुळे आसपासच्या गावांशी सोयरीक होत नव्हती आणि गोव्याशी संबंध तुटला होता. म्हणून पोर्तुगीज गेल्यावर जवळजवळ तीनशे वर्षं ही बोली टिकली. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

बोलणारे आता हजाराच्या आसपास, आणि तेही या एकाच गावात. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी, नोकरी अलिबागला किंवा मुंबईला. भाषा लिहिण्याची परंपरा नाही, म्हणजे तिच्यासाठी कान्हेरीसारखा शिलालेखही नाही. ती टिकणार की नाही हे कोर्लईतली आजी नातवाला जेवायला कोणत्या भाषेत हाक मारते, त्यावर ठरतंय.