स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी चालते का?

पीक पाहणीला गेलं की पारावर हा प्रश्न हमखास निघतो. नोटरीची सही असली तरी स्टॅम्पवरच्या सोडचिठ्ठीनं हिंदू विवाह मोडत नाही. समाजाची जुनी रूढी सिद्ध झाली तरच तिला कायद्यात मान. राजीखुशीनं वेगळं व्हायचं तरी दोघांचा अर्ज कोर्टातच लागतो.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं राहतं. पुढंही त्याचं हित पाहूनच निकाल होतो.

‘सातबारा वडिलांच्या नावावर, पोटगी कुठून देऊ?’ ही सबब चालत नाही. धडधाकट माणसाची कमावण्याची ताकदही कोर्ट पाहतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे.

बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करावा. सरपंच, पोलीस पाटलांनी हे सांगावं, अंगठा उठण्याआधी.