छातीतलं यंत्र रात्री काय मोजतं

पेसमेकर तपासणं हे तसं झटपट काम. काकांनी शर्टाची वरची बटणं सोडली, डाव्या खांद्याखाली कातडीला आलेल्या चपट्या फुगवट्यावर तंत्रज्ञाने यंत्रातली नोंद वाचणारा वाँड ठेवला आणि पडद्यावर आकडे उमटले. बॅटरी ठीक, लीड ठीक. एरवी इथेच 'पुढचे कोण?' अशी हाक येते. या डॉक्टरांनी मात्र आणखी एक पान उघडायला लावलं. दर रात्रीची एक काडी, आणि बऱ्याच काड्या तीसच्या वर.

"काका, घोरता का हो?"

"छे!"

"घोरतात की," काकू म्हणाल्या. "घोरणं मध्येच थांबलं की मला जाग येते."

रात्रीचा श्वास मोजणारी ही सोय मुळात जिन्यासाठी केलेली. हृदयातली तार, म्हणजे लीड, आणि कातडीखालची डबी यांच्यामध्ये यंत्र विजेचे अगदी क्षीण स्पंद सोडतं आणि छातीचा विद्युतरोध मोजतं. श्वास घेतला की फुप्फुसात हवा भरते, रोध वाढतो. सोडला की उतरतो. माणूस जिना चढताना धापा टाकायला लागला की हे ओळखून पेसमेकरने ठोके वाढवायचे, एवढाच हेतू. पण रात्री तीच लाट दहा सेकंद किंवा जास्त सपाट झाली तर? ती एक घटना. लाट बरीच बुटकी झाली तरी मोजायची. एकूण घटनांना तासांनी भागलं की काडीची उंची मिळते. काही यंत्रं मध्यरात्र ते पहाटे पाच एवढाच वेळ धरतात, त्यामुळे रात्रपाळीच्या वॉचमनला या आलेखाचा काय उपयोग, हा प्रश्नच आहे.

हे पान उघडायला कारण आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात पेसमेकर असलेल्या, स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराचं, निदान न झालेल्या 98 जणांची रात्रभर तपासणी केली, तर 59 टक्के लोकांना तो निघाला. 2014च्या 'ड्रीम' अभ्यासात यंत्राचा आकडा तासाला 20 ही रेघ धरून पाहिला, तेव्हा तीव्र आजाराचे सुमारे 89 टक्के रुग्ण त्यात सापडले. अभ्यास अवघ्या 40 जणांचा, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग लगेच हवेचा दाब देणारा मास्क लावून मोकळं का होत नाहीत? कारण लाट दबली एवढंच यंत्राला कळतं. घसा मिटल्यामुळे हवा अडली, की मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटला नाही, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. रक्तातला ऑक्सिजन त्याला दिसत नाही. माणूस झोपलाय की कूस बदलत जागा आहे, हेसुद्धा नाही. आणि घसा की मेंदू, हा फरक जिवावर बेतू शकतो. हृदयाची ताकद कमी झालेल्या, मेंदूकडून श्वास थांबणाऱ्या रुग्णांना आपोआप दाब बदलणारं मास्कचं यंत्र दिलं, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले 2015च्या 'सर्व्ह-एचएफ' अभ्यासात दिसले. मग पेसमेकरनेच उपचार का नको? 2002मध्ये पेसमेकरने ठोके वाढवून श्वासच सुधारता येईल अशी आशा निर्माण झाली होती. 2005च्या अभ्यासांनी ती टिकू दिली नाही.

म्हणून काकांच्या हातात स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेच्या रात्रभर तपासणीची, चिठ्ठी आली. "झोपायचे पैसे?" म्हणत त्यांनी ती घडी करून खिशात घातली, काकूंनी ती तिथून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

पुढच्या बाईंच्या पेसमेकरमध्येही ही सोय होती, पण बंद. तंत्रज्ञाने ती चालू केली. आलेख बघायचा तो आता पुढच्या तपासणीला. मागच्या रात्रींची नोंद झालेलीच नव्हती.