दोष गिअरबॉक्सचा, बोल चालकाला

सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी थरथरायची आणि अडखळायची. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा-फोकस घेणाऱ्यांनी गेल्या दशकात हे वर्षानुवर्षे सोसले. मूळ होते ‘पॉवरशिफ्ट’ या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये. त्यात दोन कोरडे क्लच. एक १-३-५ गिअर सांभाळणारा, दुसरा २-४-६. हेतू इंधनबचतीचा. पण शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून कोरड्या क्लचवर गेले, की थरथर सुरू.

वॉरंटी होती. गाडी वर्कशॉपला जायची, कधी सॉफ्टवेअर बदलायचे, कधी क्लच; काही दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे. २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकेत बऱ्याच गाड्यांच्या क्लच-सीलची वॉरंटी सात वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. मुदत वाढली, दुखणे तसेच राहिले.

कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा २०१२ मध्येच दाखल झाला होता. २०१७ मध्ये तडजोड मंजूर झाली. २०१९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती फेरविचारासाठी परत पाठवली. त्याच वर्षी ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ने अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की गाड्या बाजारात येण्याआधीच कंपनीला या गिअरबॉक्सच्या अडचणी ठाऊक होत्या. २०२० च्या सुधारित तडजोडीत गाड्या परत घेण्यासाठी किमान तीन कोटी डॉलरची हमी आली.

ऑस्ट्रेलियात तर ग्राहकांनाच वारंवार ऐकवले गेले, की थरथर तुमच्या चालवण्यामुळे आहे. गाडी बदलून हवी तर वर भरीव रक्कम मोजा. परत घेतलेल्या काही गाड्या पुढच्या ग्राहकाला दोष न सांगता विकल्या गेल्या. २०१८ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने या वागणुकीबद्दल एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. पुढे तिथल्याच सामूहिक दाव्यात, २०२१ मध्ये, काही दोष सुट्या भागांचे नसून मूळ रचनेचेच असल्याचे न्यायालयाने म्हटले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे तत्त्व स्पष्ट केले: गाडीची किंमत किती घटली, हे विक्रीचा दिवस धरून मोजायचे.

एकट्या ग्राहकाने वर्कशॉपच्या काउंटरवर हुज्जत घालावी, तर त्याच्या हाती फार तर नवा क्लच पडतो. कंपनीच्या कपाटातली कागदपत्रे आणि अभियंत्यांची साक्ष न्यायालयापुढे आणायची ताकद, हजारो जण एकत्र आल्यावरच येते. वॉरंटी सुटा भाग बदलून देते. मुळात विकले काय, याचा जाब विचारायला बारा वर्षांची कोर्टकचेरी लागली.