साडेचार मीटरची लाट? जरा थांबा!

जुलै उजाडला की टीव्हीवर तीच ब्रेकिंग न्यूज झळकते, 'मुंबईच्या समुद्रात आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार!' मग काय, ऑफिस सुटलं की अख्खी गँग मरीन ड्राइव्हला. एका हातात भाजलेलं कणीस, दुसऱ्या हातात मोबाइल आणि कठड्यावर आपटून अंगावर येणाऱ्या पाण्याचा फुकट शॉवर. एकदम फिल्मी!

पण बॉस, तो साडेचार मीटर हा आकडा लाटेचा नसतोच. तो असतो भरतीचा. भरतीला पाण्याची पातळी कुठवर चढणार, एवढंच तो सांगतो. भरतीचं टाइमटेबल चंद्र-सूर्य ठरवतात, म्हणून तर पालिका अख्ख्या पावसाळ्याची यादी आधीच जाहीर करू शकते. त्या पातळीवर लाट किती उसळणार, हे ठरवतो वारा. आणि वाऱ्याचं कॅलेंडर कुणी छापू शकत नाही. भरती मोठी पण वारा पडलेला, तर समुद्र नुसता काठोकाठ डुलतो. त्याच भरतीला दोन दिवस घोंघावणाऱ्या नैऋत्य वाऱ्याची साथ मिळाली, तर कठड्यावर बसणं म्हणजे जिवाशी खेळ. दरवर्षी ही हेडलाइन वाचून माझी चिडचिड होते ती यासाठी.

आता वारा लाट बनवतो म्हणजे नेमकं काय करतो? शाळेत कुणी सांगितलं नाही, कारण शास्त्रज्ञांनाच ते फार उशिरा कळलं. १९५७ साली ओवेन फिलिप्स आणि जॉन माइल्स या दोघांनी आपापल्या परीने कोड्याचा एकेक तुकडा मांडला. फिलिप्सचं म्हणणं, वारा कधीच एकसारखा नसतो. त्याच्या छोट्या-छोट्या धक्क्यांनी सपाट पाण्यावर सुरकुत्या पडतात. माइल्सचं म्हणणं, एकदा सुरकुती पडली की वरून जाणारा वारा तिच्या चढउतारानुसार स्वतःच हलतो आणि तिला आणखी ढकलतो. थोडक्यात काय, जितकी लाट मोठी तितकी वाऱ्याची पकड घट्ट. कर्जावरच्या चक्रवाढ व्याजासारखं!

पण हा व्यवहार एकतर्फी नाही. लाटा वाऱ्याकडून ताकद घेतात, म्हणजे त्याला मागे खेचतातही. नवी, उभट, खवळलेली लाट वाऱ्याला जास्त बोचते. जुनी, लांबलचक लाट त्याच्याबरोबर सहज घसरत जाते. त्यामुळे आधी वाऱ्याचा अंदाज काढायचा आणि मग तो लाटांच्या गणितात टाकायचा, हा सरळ मार्ग पुरत नाही. युरोपच्या हवामान केंद्राने १९९८ पासून दोन्ही मॉडेल्स एकमेकांशी जोडली. वारा लाटेला सांगतो, लाट वाऱ्याला सांगते, कम्प्युटर दोघांचं ऐकतो. (लग्न झालेल्या मित्रांनी नोंद घ्यावी.)

त्यात लाटा आपसातही ऊर्जेची देवघेव करतात. हे गणित क्लाउस हासेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं. त्यांना २०२१ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, पण ते हवामानबदलाच्या कामासाठी.

खोल समुद्रात इतपत पुरतं. किनाऱ्याजवळ मात्र सगळा खेळच बदलतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून पाणी उथळ झालं की तिला तळ लागतो. ती मंदावते, उंच होते, वळते. डोंगराचं टोक समुद्रात घुसलं असेल तर लाटा तिथे एकवटतात. आतल्या खाडीत त्याच लाटा पसरून मवाळ होतात. शेवटी उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली, की फुटतात. हा सगळा हिशोब करणारं 'स्वान' नावाचं मॉडेल हॉलंडच्या डेल्फ्ट विद्यापीठात तयार झालं आणि आज जगभर वापरलं जातं. पण तळाचा नकाशा जुना असेल, तर भारीतलं भारी मॉडेलही गंडतं.

आपल्या कोकण-गोव्याला आणखी एक ट्विस्ट आहे, खारे वारे. भूगोलात पाठ केलेले तेच! उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी तीन वाजेपर्यंत चोपून काढतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोव्याजवळच्या लाटा मोजून २००६ साली हे मांडलं. हा वारा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातला, त्यामुळे मोठमोठ्या चौकटींच्या जागतिक मॉडेलमधून तो सहज निसटतो. तारकर्लीला स्कूबा करायचं असेल तर सकाळचा स्लॉट का घ्यावा, याचं उत्तर इथे आहे.

याच्या बरोबर उलट प्रकार केरळात. तिथले कोळी त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. ऊन पडलंय, वारा नाही, आणि अचानक पाणी घरात! लाटा तयार झालेल्या असतात हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरातल्या वादळात. इथला वारा बघून त्या कळणारच नाहीत.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था या सगळ्याचा अंदाज आणि इशारे देते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती आणि त्यातली कितीतरी परतली नाहीत. तेव्हा अंदाज असणं एक आणि तो नीट वाचता येणं दुसरं. त्यात लिहिलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाज तीन मीटरचा असेल, तर काही तासांत एखादी लाट सहा मीटरच्या आसपासही येऊ शकते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सेल्फी काढताना मोजायची ती हीच.