कान तिचे, निर्णय कुणाचा?

बँकेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला नातेवाईक दोन कामांसाठी हमखास बोलावतात. कर्जाचा अर्ज भरायला आणि मोठ्या खर्चाचा हिशेब मांडायला. लातूरहून भाचीचा फोन आला तो दुसऱ्या कामासाठी. "मामा, लेकराच्या कानाच्या ऑपरेशनचं ठरवायचंय. एक दिवस येऊन जा." मी नांदेडहून सकाळची एस.टी. धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे पडत गेलं आणि मी पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडे मांडत राहिलो.

लेकरू म्हणजे माझी नात. वय १६, नुकतीच दहावी झालेली, जन्मापासून बहिरी. भाचीला तिच्या आत्याच्याच घरी दिली होती. घरची मुलगी घरातच राहील, म्हणून ते लग्न मीच पुढाकार घेऊन जुळवलं होतं. नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो, हे मी नंतर वाचलं. हिच्या बाबतीत तेच कारण होतं का, हे खात्रीनं सांगता येत नाही. पण वाचलेलं विसरताही येत नाही. तेव्हा ऑपरेशन व्हावं, असं सगळ्यांत जास्त मलाच वाटत होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

हे ऑपरेशन म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. कानामागे बसवलेलं यंत्र आवाज टिपतं, त्याचे संकेत बनवून कातडीखालच्या भागाकडे पाठवतं आणि तिथून निघालेली बारीक तार आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात शिरून थेट मज्जातंतूला चेतना देते. मेलबर्नच्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अशा प्रकारचं इम्प्लांट एका बहिऱ्या गृहस्थाला बसवलं. क्लार्क यांचे वडील स्वतः बहिरे होते. बापाचं कष्टी ऐकणं लहानपणापासून पाहिलेल्या मुलानं हा ध्यास घ्यावा, हे समजण्यासारखं आहे.

पण कानात आवाज शिरणं आणि मेंदूला तो कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या काही वर्षांत मेंदू आवाजाची ओळख करून घेतो. ते वय गेलं की ती वाट अरुंद होते. २०१४ साली केंद्र सरकारच्या 'अ‍ॅडिप' योजनेत या इम्प्लांटसाठी ६ लाखांपर्यंत मदतीची सोय झाली, तेव्हाही जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी ५ वर्षांपर्यंतची अट होती. आम्हाला त्या योजनेचा पत्ता लागला तेव्हा नात सात वर्षांची झाली होती.

आता तिच्या बापानं दोन एकर विकायची तयारी केली होती. मी बँकेच्या सवयीनं विचारलं, "ऑपरेशनचा खर्च एकदाचा. पुढं बॅटरी, वायरी, काही वर्षांनी नवं यंत्र, महिनोन्‌महिने ऐकण्याचा सराव, हे सगळं धरलंय का?" कुणी धरलं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या वयात हॉर्न, दारावरची थाप, हाक यांचे आवाज कळू लागतील. ओठ वाचायला मदत होईल. बोलणं नुसतं ऐकून समजेलच, असा भरवसा नाही. शिवाय त्या कानात जे थोडंफार ऐकू येतं, तेही जाऊ शकतं.

"तरी लग्नाच्या बाजारात..." भाची बोलता बोलता थांबली.

नात इतका वेळ आमच्या ओठांकडे पाहत होती. तिनं मोबाईलवर लिहून माझ्यापुढं धरलं, 'ऑपरेशन झाल्यावर तुमचं बोलणं समजायला मला किती वर्षं लागतील?'

मी लिहिलं, 'दोन-तीन. जास्तही. आणि सगळं कळेलच असं नाही.'

तिनं पुन्हा लिहिलं, 'आणि माझी भाषा शिकायला तुम्हाला किती महिने लागतील?'

माझ्या पाकिटावर या प्रश्नाला रकानाच नव्हता. १६ वर्षांत आम्ही सगळे मिळून 'जेव', 'झोप', 'चल' एवढ्याच खुणा शिकलो होतो. वसतिगृहातल्या मैत्रिणींशी ती तासन्‌तास बोलायची, हसायची, भांडायची; ते आम्ही 'हातवारे' समजत होतो. आमचीच ही समजूत होती असं नाही. १८८० साली मिलान इथं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांऐवजी तोंडी बोलण्यावरच शिकवावं, असं ठरलं. त्याबद्दल त्याच परिषदेच्या पुढच्या पिढीनं खेद व्यक्त केला तो २०१० साली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुणांच्या भाषेला स्थान मिळालं. २०१८ साली भारतीय सांकेतिक भाषेचा ३,००० शब्दांचा कोश निघाला. आमच्या घरी मात्र कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

इम्प्लांट वाईट, असं मी म्हणत नाही. तान्ह्या मुलाचा प्रश्न असता, तर एक दिवसही दवडू नका, असंच मी सांगितलं असतं. पण १६ वर्षांच्या मुलीचा कान दुरुस्त करायला निघालेल्या आम्हा माणसांना तिच्याशी बोलायची घाई कधीच नव्हती, हे त्या दिवशी उमगलं.

शेवटी असं ठरलं, म्हणजे तिनंच ठरवलं. आधी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी करायची. मोठेपणी इम्प्लांट झालेल्या दोघा-चौघांना भेटायचं. मग ती हो किंवा नाही सांगेल. तोवर जमीन विकायची नाही. आणि दर रविवारी तासभर घरातल्या सगळ्यांनी तिच्याकडून शिकायचं. नांदेडच्या आजोबांनीसुद्धा, मोबाईलच्या व्हिडिओवर.

संध्याकाळी ती मला बसस्टँडवर सोडायला आली. गाडी लागेपर्यंत तिनं मला 'पुन्हा येईन' म्हणायची खूण शिकवली. माझी चुकली. तिनं माझी आखडलेली बोटं हातात घेऊन सरळ केली आणि परत करायला लावली.